रास्त भीती

साक्षीदारांच्या यादीत सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर डॅडचं नाव होतं. ऑर्विल हास्कल, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त छपाई कामगार, विधेयकाच्या बाजूने, दुभाषी लागेल. डेलियाने ते तीनदा वाचलं, मग यादी पालथी करून मांडीवर ठेवली आणि वर हात दाबून धरला. सकाळी नऊपासून ती विधानभवनाच्या त्या लांबट, उंच छताच्या दालनात खुणा करत होती. पहिल्या रांगेत पाच बहिरी माणसं बसली होती, आणि माइकवर येऊन जो जे बोलेल ते तिच्या हातांतून त्यांच्यापर्यंत जात होतं. विधेयक एवढंच होतं, की यापुढे पिस्तूल अंगावर बाळगायला परवाना लागू नये. आठ तासांचा वर्ग नको, परीक्षा नको, काही नको. त्यावर एकशे चौदा माणसं बोलणार होती. वीस मिनिटं ती, वीस मिनिटं दुसरी दुभाषी जोसलिन, असं ठरलं होतं. पण साडेअकराला जोसलिनच्या मुलाच्या शाळेतून फोन आला, त्याला ताप भरला होता, आणि ती कोट अंगात चढवत, नुसत्या ओठांनी सॉरी सॉरी म्हणत निघून गेली. तेव्हापासून डेलिया एकटी. मनगटं ठणकत होती. मार्चमधलं अर्धवट वितळलेलं बर्फ सगळ्यांच्या बुटांबरोबर आत आलं होतं, आणि दालनात ओल्या लोकरीचा, गरम झालेल्या रेडिएटरचा कोंदट वास भरला होता.

बावीस वर्षं हे काम केल्यावर तिला एक गोष्ट कळून चुकली होती, की दिवसभरात तिने उच्चारलेला एकही मी तिचा नसतो. सकाळपासून ती बंदुकांचं दुकान चालवणारा माणूस झाली होती, शाळेतली ग्रंथपाल झाली होती, निवृत्त शेरीफ झाली होती, पार्किंगमध्ये मुलगा गमावलेली एक आई झाली होती. त्या आईच्या वेळी तिचे हात अडखळले, पण ते आईचेच हात म्हणून चालून गेलं. भीतीची खूण सोपी असते. दोन्ही मुठी छातीसमोर आणायच्या आणि एकदम उघडायच्या. विधेयकाच्या विरोधातल्या, नारिंगी शर्ट घातलेल्या बायका माइकवर येऊन भीती म्हणायच्या, कॉरिडॉरमध्ये खांद्याला रायफली लटकवून उभे असलेले दाढीवाले आत येऊन भीती म्हणायचे, आणि डेलिया दोघांसाठी त्याच मुठी त्याच जागी उघडायची. खुणेत बाजू नसते. सकाळी दारावर पहारेकरी नारिंगी बायकांच्या फलकांच्या काठ्या काढून घेत होता. काठी लागू शकते कुणाला, नियम आहे, असं तो प्रत्येकीला अगदी अदबीने सांगत होता, आणि त्याच्या पाठीमागून रायफलवाले एकेक करून आत जात होते. त्यांच्यासाठी नियम नव्हता. एका म्हातारीने नुसता पुठ्ठा हातात घेऊन त्याला विचारलं, "बाळा, तुला ऐकू येतं का रे, तू काय बोलतोयस ते?" डेलियाला तेव्हा हसू आलं होतं.

दहा मिनिटांची सुट्टी झाली तेव्हा तिने मान वर केली. डॅड शेवटच्या रांगेत होता. चर्चचा तपकिरी कोट, दाढी केलेली, हनुवटीवर कापलेल्या जागी कागदाचा ठिपका तसाच. तो तिच्याकडेच बघत होता. मधे दोनशे माणसं उभी राहून आळस देत होती, फोनवर ओरडत होती, सँडविचची वेष्टणं सोडत होती, आणि त्यांच्या डोक्यांवरून, दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाप-लेकीचं भांडण झालं ते ऐकू येणाऱ्या कुणालाही कळलं नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आज सुट्टी टाकली असतीस."

"मी तुझ्यासाठी बोलू शकत नाही, डॅड. घरच्या माणसासाठी बोलायचं नसतं. नियम आहे."

"मग कोण बोलणार? तो?" डॅडने दारावरच्या पहारेकऱ्याकडे अंगठा केला.

"व्हिडिओवर दुसरा दुभाषी मागवतात."

"तो अडकत अडकत दिसतो. मागच्या खेपेला दवाखान्यात मी छापखाना म्हटलं, त्याने चर्च सांगितलं. डॉक्टरला वाटलं मी पाद्री. नको. तू बरोबर सांगतेस."

"तू जे म्हणणार आहेस ते मला पटत नाही."

"पटवून घे कुठे म्हणतोय? सांग म्हणतोय."

एवढं म्हणून त्याने खिशातून पीनट बटरचं सँडविच काढलं आणि हात त्यात गुंतवून टाकले. लहानपणापासून हीच त्याची पद्धत. त्याला बोलणं संपवायचं असलं की तो हाताला काहीतरी काम द्यायचा.

डेलिया समितीच्या अध्यक्षबाईंकडे गेली. ट्वायला बर्केट नाव, चष्मा डोक्यावर, समोर कॉफीचा गार कप. डेलियाने खालच्या आवाजात सांगितलं, सत्तेचाळीस नंबर माझे वडील आहेत, मी त्यांच्यासाठी बोलणं योग्य होणार नाही. बर्केटबाईंनी यादीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "तीन मिनिटं ना? हे बघा, माझ्यापुढे अजून साठ-सत्तर माणसं आहेत, आणि यातली निम्मी चिडलेली आहेत. तुमच्या वडिलांची हरकत आहे का?" नाही. "तुमची?" डेलिया म्हणाली, नाही. का म्हणाली? जागेवर परत येताना ती हेच स्वतःला विचारत राहिली. हो म्हणायला एक कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण नियम नव्हतंच. खरं कारण नोव्हेंबरमधलं होतं.

त्याच्याही आधीचं. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, डॅड त्याच्या मित्राकडे, लेलंडकडे, पत्ते खेळायला निघाला होता. लेलंडने नवीन घर घेतलं होतं. डॅड एक गल्ली आधी वळला, सारखीच पांढरी घरं, सारखीच गराजं, आणि चुकीच्या घरासमोर गाडी लावून मागच्या सीटवरचं कॅसरोलचं भांडं काढायला वाकला. घरातला माणूस दारात येऊन ओरडला. तीन वेळा ओरडलो, असं तो नंतर म्हणाला, आणि ते खरंच असणार. त्या गल्लीत महिन्याभरात दोन घरफोड्या झाल्या होत्या, टीव्हीवर रोज तेच चालू होतं. चौथ्या वेळी त्याने गोळी झाडली. मागची काच फुटली, डॅडच्या मानेत आणि कानामागे काचा घुसल्या, एकोणीस टाके पडले. तो माणूस रात्रीच्या पायजम्यात होता, भर दुपारी. पोलीस आले तेव्हा तो डॅडच्या मानेवर टॉवेल दाबून धरून रडत होता. दवाखान्यात पोलिसाने वही उघडून पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही इशारा ऐकला होता का?" आणि डेलियाने, बहिऱ्या बापाच्या उशाशी उभं राहून, तो प्रश्न जसाच्या तसा खुणांत केला. डॅड इतका हसला की एक टाका सुटला. पुढे सरकारी वकिलाचं पत्र आलं. गुन्हा दाखल होणार नव्हता. घरमालकाची भीती परिस्थिती पाहता रास्त होती, असं त्यात लिहिलं होतं. डॅडने ते पत्र फ्रिजवर चिकटवलं. कुणी आलं की तो त्यातल्या रास्त या शब्दावर बोट ठेवून विचारायचा, हा शब्द तुम्ही खुणेत कसा करता? बहिऱ्यांच्या मंडळात त्यावर बराच वाद झाला.

त्यानंतर त्याचं बाहेर जाणं कमी झालं. चाळीस वर्षं तो वर्तमानपत्राच्या छापखान्यात, कान फुटतील अशा यंत्रांमध्ये, शांतपणे काम करत आला होता. आता तो दिवसभर टीव्हीसमोर बसायचा आणि पडद्याखाली सरकणारी अक्षरं वाचायचा. टोळी. घुसखोर. तुमच्या दारापर्यंत. आवाज नसलेली ती अक्षरं डेलियाला जास्त भयंकर वाटायची, कारण आवाजात निदान निवेदकाचा खोटेपणा ऐकू येतो. मग एक दिवस त्याने पिस्तूल घेतलं. घरात ठेवायला काहीच लागत नव्हतं, पण अंगावर बाळगायला परवाना हवा होता, आणि परवान्यासाठी वर्ग. तीन ठिकाणी त्याने अर्ज केला, तिन्हीकडून उत्तर आलं, आमच्याकडे दुभाष्याची सोय नाही. नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, उरलेल्या टर्कीचं सूप ढवळता ढवळता त्याने तिला विचारलं. "आठ तासांचं काम आहे. एक शनिवार. येशील?" आणि ती म्हणाली, वेळ नाही. तेव्हा तिला आपण शहाणपणाने वागलो असंच वाटलं होतं. एक दार बंद केलं की माणूस मागे फिरेल. तो फिरला, पण दुसऱ्या दाराकडे, आणि ते दार इथे उघडत होतं.

"सत्तेचाळीस. मिस्टर हास्कल."

डॅड उठला. माइकसमोर येऊन त्याने तो सवयीने बाजूला सारला, पहिल्या रांगेलाही हात दिसतील असा तिरका उभा राहिला, आणि दालनात थोडं हसू पसरलं. डेलिया त्याच्या समोर, समितीकडे पाठ करून बसली. तिच्या ओठांपाशी दुसरा माइक होता. डॅडने श्वास घेतला, हात वर केले, आणि तिचं तोंड उघडलं.

"मी ऑर्विल हास्कल. मी जन्मतः बहिरा आहे. माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला कधीच कळत नाही. सत्तर वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटायचं, माझ्या पाठीमागे चांगली माणसं आहेत." तिचा आवाज स्थिर होता. स्वतःच्या आवाजाचं तिला नेहमीच आश्चर्य वाटे. तो तिच्यापासून सुटून, धुतलेल्या भांड्यासारखा स्वच्छ, दुसऱ्याच्या उपयोगाला यायचा. तिने रविवार सांगितला, गल्ली सांगितली, भांडं सांगितलं. "तो माणूस वाईट नव्हता. तो घाबरला होता. सरकारने मला लिहून कळवलं की त्याची भीती रास्त होती. ठीक आहे. त्याची भीती कायद्यात बसली. आता माझी पण बसवा, एवढंच मागायला मी आलोय." मागून कुणीतरी जोरात टाळी वाजवली. बर्केटबाईंनी हातोडी आपटली. "परवान्याचा वर्ग मला कुणी घेऊ दिला नाही. मी म्हटलं, नीट शिकवा. मला शिकायचं होतं. तीन ठिकाणी नाही म्हणाले. मग मी माझ्या मुलीला विचारलं."

इथे डॅडचे हात क्षणभर हवेत थांबले. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच वेळी तिच्याकडे बघतही नव्हता. दुभाष्याकडे लोक बघतात तसं, काचेतून पलीकडे बघावं तसं.

"माझी मुलगी म्हणाली, वेळ नाही."

तिने ते म्हटलं. माझी मुलगी. स्वतःच्या तोंडाने, तीनशे माणसांसमोर.

डॅडचे हात पुढे चालू लागले. "ती खोटं बोलत होती. ऐकू येणारी माणसं खोटं बोलतात तेव्हा आवाज बदलतो म्हणे. आमच्यात हात लवकर खाली येतात. तिचे हात फार लवकर खाली आले."

एक सेकंद गेला. मग आणखी एक. खुणेतून शब्द निघायला तेवढा वेळ लागतोच, कुणाला संशय आला नसता. हे वाक्य गाळता आलं असतं. सहा वर्षांची असल्यापासून तिने अशी किती वाक्यं गाळली होती, दोन्ही बाजूंची. बँकेतला माणूस मुका आहे का येडा आहे म्हणाला होता, तिने डॅडला सांगितलं, साहेब म्हणतायत उद्या या. भाडं मागायला आलेल्या घरमालकाला डॅड काय म्हणाला होता ते तर तिने चक्क आभार म्हणून सांगितलं. ती गाळलेली वाक्यं कुठे गेली असतील? सगळी तिच्याच पोटात राहिली असणार. समोर पाच बहिरी माणसं बसली होती, त्यांनी डॅडचे हात वाचले होते, आणि पाचही जण तिच्या ओठांकडे बघत होते.

"ती खोटं बोलत होती," डेलिया म्हणाली, आणि पुढचंही सगळं, हातांसकट, म्हणाली. वर मंचावर बर्केटबाईंनी कागदात मान घातली. ती मुलगी म्हणजे डेलियाच, हे ऐकू येणाऱ्यांत फक्त त्यांनाच माहीत होतं.

प्रश्न एकच आला. नॉर्म स्टॅडलर म्हणून विधेयकाच्या विरोधातले आमदार होते, सौम्य, थकलेले. "मिस्टर हास्कल, तुमच्याबद्दल मला फार वाईट वाटतं. पण समजा तुमच्या हातात पिस्तूल आहे आणि मागून पोलीस ओरडला, खाली टाक. तुम्हाला कसं कळणार?"

डेलियाने प्रश्न केला. हाच प्रश्न तिला नोव्हेंबरमध्ये विचारायचा होता, आणि त्याऐवजी ती वेळ नाही म्हणाली होती. डॅडने विचार केला. घाई केली नाही.

"नाही कळणार. माझ्या हातात बटाट्याच्या कॅसरोलचं भांडं होतं, तेव्हाही कळलं नव्हतं."

रायफलवाल्यांनी बाकांवर हात आपटले. नारिंगी बाजूने कुणीतरी ओरडलं, "लाज वाटू द्या!" आणि मग बऱ्याच जणी एका सुरात ओरडू लागल्या, लाज वाटू द्या, लाज वाटू द्या, आणि त्या तिच्याकडे बघून ओरडत होत्या, कारण आवाज तिचा होता. सकाळची ती पुठ्ठ्यावाली म्हातारीही त्यात होती. डॅडने बाकांची थरथर पायांत ओळखली. "काय म्हणतायत?" त्याने विचारलं. डेलियाने हात वर केले आणि दोन्ही बाजू, कुठे काहीही न गाळता, त्याला सांगितल्या. तो ऐकत राहिला, म्हणजे बघत राहिला. मग त्याने मान हलवली आणि टोपी उचलली.

संध्याकाळी साडेपाचला सगळं आटोपल्यावर कॉरिडॉरमध्ये एका दाढीवाल्याने तिच्यासाठी दार धरलं. "बाई, काय बोललात! माझ्या अंगावर काटा आला." ती म्हणाली, ते मी नव्हते. "असं कसं, मी ऐकलं ना," तो हसून म्हणाला. पायऱ्यांवर एका नारिंगी बाईने तिला येताना बघितलं आणि मुद्दाम तोंड फिरवलं. डेलिया तिच्यामागे चार पावलं गेलीसुद्धा. काय सांगायचं होतं तिला? की मीही तुमच्याच बाजूची? की मी विरोधात आहे, आणि विरोध म्हणून मी फक्त एक शनिवार दिला नाही? ती थांबली. तिचे हात कोटाच्या खिशात होते आणि ओरडून बोलण्याची तिला मुळात सवयच नव्हती.

विधेयक तीन आठवड्यांनी पास झालं. त्या तीन आठवड्यांत डेलियाने अकरा फोन केले, आणि शेवटी नदीपलीकडच्या गावात एक बाई सापडली, नेमबाजी शिकवणारी, तिने म्हटलं, आण तुझ्या बापाला, तू बोल, मी सावकाश शिकवते. डेलियाने एप्रिलमधला एक शनिवार मोकळा ठेवला. तिला पिस्तूल शब्दाचीसुद्धा शिसारी होती. तरी आठ तास बापासमोर उभं राहून, बोट कुठे ठेवायचं, नळी कुठे करायची नाही, झाडायच्या आधी समोर कोण आहे ते कसं बघायचं, हे सगळं आपल्या हातांनी सांगायचं तिने ठरवलं. हे सांगायला ती त्याच्या घरी गेली तेव्हा दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. त्याच्या स्वेटरखाली, उजव्या कमरेला, फुगवटा होता. तिने तिकडे बघायचं टाळलं आणि टेबलावर बसून सगळं सांगितलं.

"आता गरज नाही," डॅड म्हणाला. "परवानाच नाही, तर वर्ग कशाला?"

"परवान्यासाठी नाही. शिकण्यासाठी. तूच म्हणाला होतास, मला शिकायचं होतं."

"तेव्हा होतं."

"एक शनिवार आहे, डॅड. मी सगळं सांगेन. एक शब्द गाळणार नाही."

"माहितीये. त्या दिवशी बघितलं ना मी." त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच तिला सहन होईना. "चांगलं काम केलंस. खरंच. पण आता वेळ नाही." तो शेवटचा भाग त्याने टोमणा म्हणून केला की साधाच, ते तिला कळलं नाही. तो उठला, दोघांच्या बशा गोळा केल्या, सिंकपाशी गेला, नळ सोडला, आणि तिच्याकडे पाठ करून हात साबणाच्या पाण्यात घातले.

तिला अजून बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. ती उठून त्याच्या मागे दोन पावलांवर जाऊन उभी राहिली. बहिऱ्या माणसाला हाक मारायची तर खांद्याला हात लावायचा असतो, ती जन्मभर लावत आली होती. तिचा हात वर आला आणि तिथेच राहिला. स्वेटर कमरेपाशी थोडा वर सरकला होता. त्याखालचं पिस्तुलाच्या म्यानाचं काळं कातडं दिसत होतं. गेल्या महिन्यात लेलंडने इथेच, घरात, असंच मागून हात लावला, तर डॅड दचकून गर्रकन वळला होता, हात कमरेला. लेलंडने तो किस्सा हसत हसत सांगितला होता. ती हवेतल्या हाताकडे बघत राहिली. बापाच्या खांद्यात आणि तिच्या बोटांत वीतभर अंतर होतं, आणि नळाचा आवाज फक्त तिलाच येत होता.

तिने हात खाली घेतला. मागच्या दाराने ती बाहेर पडली, घराला वळसा घातला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या ओल्या वाफ्यात, बुटांना चिखल लागत असताना, त्याच्या बरोबर समोर येऊन उभी राहिली. त्याने मान वर केली. आधी गोंधळला, मग हसला. भुवया उंचावून विचारलं, बाहेर काय करतेस?

काचेपलीकडून तिने सावकाश, नीट दिसेल असं सांगितलं: "तुला मागून हात लावायची मला भीती वाटली."

त्याने ते वाचलं. हसू काही वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. ती उत्तराची वाट बघत थांबली. नळ वाहत होता, फेस कडेपर्यंत वर आला, आणि डॅडचे हात पाण्याखालीच राहिले.